मेलेल्या ब्राउझरसाठी रूपांतर कशाला?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रांमध्ये महामार्गावरचे खड्डे, एसटीच्या रद्द झालेल्या फेऱ्या आणि विजेचा लपंडाव हे विषय नेहमी येतात आणि ते यायलाच हवेत. मीही आजवर त्याच विषयांवर दोन-तीन पत्रे पाठवली आहेत. आजचा विषय मात्र संगणकाच्या आतला आहे, त्यामुळे तो कोकणाच्या वृत्तपत्रात कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडू शकेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक मुले-मुली आता घरी बसून वेबपाने लिहिण्याचे काम करतात किंवा ते काम शिकतात. देवगडचा बागायतदार हापूसच्या पेट्यांची मागणी स्वतःच्या पानावर घेतो, आणि तारकर्लीच्या होमस्टेचे आरक्षणही त्याच मार्गाने होते. ही पाने ज्या टूल्समधून तयार होतात त्यांतील एका जुन्या सवयीचा भुर्दंड याच मुलांना आणि याच ग्राहकांना बसतो, आणि ती सवय मोडायला पैसे लागत नाहीत, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जावास्क्रिप्ट लिहिताना टूल कोडचे जे ट्रान्स्पायलेशन, म्हणजे जुन्या रूपात रूपांतर, आपोआप करत असते, ते काम चालू असताना आणि चाचण्या चालवताना, जिथे त्याची गरज नाही तिथे, बंद करावे. आणि तयार पान लोकांपर्यंत पोचवताना ते कोणत्या फोनसाठी, कोणत्या ब्राउझरसाठी लागते हे पाहून तेवढेच ठेवावे.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी ट्रान्स्पायलेशन म्हणजे काय ते सांगतो. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरला समजणारी भाषा. ती १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये तयार केली आणि १९९७ पासून तिचे प्रमाण रूप ईसीएमए-२६२ या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. भाषेत नवी रूपे येतात, पण लोकांच्या संगणकावरचा ब्राउझर जुनाच राहिला तर त्याला ती कळत नाहीत. मग लिहिणाऱ्याने नव्या रूपात लिहावे आणि एका टूलने ते जुन्या रूपात उतरवून ब्राउझरला द्यावे, अशी तोड निघाली. या उतरवण्यालाच ट्रान्स्पायलेशन म्हणतात. पुण्या-मुंबईच्या नातवाने प्रमाण मराठीत लिहिलेले पत्र घरातल्या कुणीतरी आजीला मालवणीत वाचून दाखवावे, तसे हे. आजीला प्रमाण मराठी येत नसेल तोवर त्यात गैर काहीच नाही.

ही तोड निघाली तेव्हा ती खरोखर गरजेची होती, हे मी आधीच मान्य करतो. भाषेची पाचवी आवृत्ती, जिला आम्ही ईएस५ म्हणतो, ती डिसेंबर २००९ मध्ये आली आणि त्यानंतरची मोठी आवृत्ती यायला जून २०१५ उजाडले. बाणाकृती फंक्शन, क्लास, लेट आणि कॉन्स्ट, प्रॉमिस, मॉड्यूल (कोड वेगवेगळ्या फाइलींत विभागण्याची पद्धत) या सगळ्या गोष्टी त्या एका आवृत्तीत एकदम आल्या. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर कार्यालयाकार्यालयांत ठाण मांडून बसला होता आणि त्याला यातले फारसे काही कळत नव्हते. सेबॅस्टियन मॅकेंझी या तरुणाने २०१४ मध्ये ‘सिक्स टू फाइव्ह’ नावाचे एक टूल लिहिले. सहाव्या आवृत्तीचे पाचवीत रूपांतर करणारे म्हणून ते नाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचेच नाव बाबेल झाले. आमच्या पिढीच्या वेब अभियंत्यांनी बाबेलच्या जोरावर निदान पाच-सहा वर्षे निर्धास्तपणे काम केले, आणि त्याचे उपकार मी नाकारत नाही.

त्यानंतर परिस्थिती पालटली. २०१७ च्या मध्यापर्यंत क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरांच्या चालू आवृत्त्यांना २०१५ ची भाषा जवळजवळ पूर्ण समजू लागली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ अधिकृतपणे निवृत्त केला. ज्या ब्राउझरपायी ही सगळी खटपट सुरू झाली तो गेला, पण खटपट तशीच चालू राहिली.

आमच्याकडे आगोटीच्या तयारीत घराच्या पडवीला माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा करतात. जूनपासून तिरकस पावसाचा मारा मातीच्या भिंतींवर येऊ नये म्हणून तो लागतोच. घरात अंधार होतो, कोंदट होते, तरी चार महिने कुणी तक्रार करत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊन पडले की झापे काढून ठेवतात. जावास्क्रिप्टच्या टूल्समध्ये ही झापे २०१५ च्या पावसात लावली गेली आणि अजून उतरवलेली नाहीत. मधल्या काळात ज्यांनी कोड लिहायला शिकायला घेतले, त्यांना तर घर मुळात असेच अंधारे असते असे वाटू लागले आहे.

हा अंधार कसा भोवतो याचा आमच्याच भागातला एक अनुभव सविस्तर सांगावासा वाटतो. मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन गावी आल्यापासून मी रविवारी गावातल्या काही मुलांना वेबपाने लिहायला शिकवतो. त्यांतील एका मुलाने ओळखीच्या एका बागायतदारासाठी आंब्याच्या पेट्यांची मागणी घेणारे पान तयार केले. पानाचा मूळ सांगाडा त्याने शहरातल्या एका प्रशिक्षण वर्गाकडून मिळालेल्या नमुन्यावरून घेतला होता. किती डझनाची पेटी, कोणत्या तारखेला पाठवायची, यूपीआयने पैसे भरायचे, सगळे व्यवस्थित. हंगाम भरात आला तेव्हा एक विचित्र तक्रार येऊ लागली. बँकेकडून पैसे नाकारले गेले तर पानाने ‘पैसे कापले गेलेले नाहीत, कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगायला हवे होते. त्याऐवजी ते ‘काहीतरी चुकले’ एवढेच म्हणायचे. ग्राहक घाबरून बागायतदाराला फोन करायचे, आणि तो बिचारा भर आंबेकाढणीत झेलकाठी बाजूला ठेवून बँकेचे संदेश तपासत बसायचा.

मुलाचा कोड मी वाचला, त्यात मला चूक दिसेना. पैसे नाकारले जाण्याच्या चुकीसाठी त्याने जावास्क्रिप्टच्या मूळच्या ‘एरर’वरून स्वतःचा एक क्लास बेतला होता, आणि चूक हाती आली की ती त्या क्लासची आहे का, हे ‘इन्स्टन्सऑफ’ने विचारून योग्य तो संदेश दाखवला होता. पुस्तकात शिकवतात तसेच. पान उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये, म्हणजे पानामागचा कोड दाखवणाऱ्या भागात, शिरलो, तेव्हा तिथे मुलाने लिहिलेला कोड नव्हताच. त्याचे आठ-दहा ओळींचे असिंक फंक्शन (उत्तर येईपर्यंत ‘अवेट’ लिहून थांबता येणारे) एका मोठ्या स्विचमध्ये मोडून पडले होते. केस शून्य, केस एक, केस दोन, आणि मध्येच चौकटी कंसात ४ हा आकडा परत पाठवणाऱ्या ओळी. मुलगा स्क्रीनकडे बघतच राहिला आणि म्हणाला, “सर, ह्यां मी लिवूकच नाय.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यांतली एक विजेविना, लॅपटॉपच्या बॅटरीवर. शेवटी उलगडा झाला तो त्याच्याच एका साध्या प्रयोगाने. तोच क्लास त्याने ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हाताने टाइप केला आणि तोच प्रश्न विचारला, तर उत्तर आले ‘ट्रू’. पानातल्या कोडकडून मात्र त्याच प्रश्नाला ‘फॉल्स’. कन्सोलमध्ये टाइप केलेले ब्राउझरकडे जसेच्या तसे जाते, पानातले मात्र रूपांतर होऊन येते, हा एवढाच फरक होता. मग आम्ही टाइपस्क्रिप्टची (जावास्क्रिप्टलाच प्रत्येक गोष्टीच्या प्रकाराची, म्हणजे टाइपची, नोंद जोडणारी भाषा) सेटिंगची फाइल उघडली. तिथे टार्गेट म्हणून, म्हणजे कोड कोणत्या आवृत्तीत उतरवायचा त्या जागी, ईएस५ लिहिलेले होते, आणि ती ओळ त्या नमुन्याबरोबरच आली होती.

झाले होते ते असे. ईएस५ मध्ये क्लास हा प्रकारच नाही, म्हणून रूपांतर करणारे टूल क्लासच्या जागी साधी फंक्शने ठेवते आणि ‘एरर’लाही साध्या फंक्शनासारखे बोलावते. तसे बोलावले की ‘एरर’ आपल्या वस्तूत भर घालण्याऐवजी स्वतःची एक नवी कोरी वस्तू तयार करून देते, रूपांतरित कोड तीच पुढे नेतो, आणि आपल्या क्लासची ओळख वाटेतच पुसली जाते. यात गुपित काही नाही, टाइपस्क्रिप्टच्या २.१ या आवृत्तीतील बदलांच्या नोंदीत हे स्वच्छ लिहून ठेवले आहे. मात्र ज्या मुलाने ईएस५ डोळ्यांनी पाहिलेलेही नाही, त्याने ती नोंद शोधायची कशी आणि कशासाठी? टार्गेटच्या ओळीत ईएस५ च्या जागी ईएस२०१७, म्हणजे २०१७ ची आवृत्ती, लिहिले आणि पान पुन्हा तयार केले. मुलाच्या कोडमधले एक अक्षरही न बदलता ग्राहकांना योग्य संदेश दिसू लागला.

ही चूक मुलाची नव्हती, ब्राउझरची नव्हती आणि बँकेचीही नव्हती. ती केवळ रूपांतरामुळे जन्माला आली होती, आणि ज्या ब्राउझरसाठी ते रूपांतर चालले होते तो त्या पानावर कधीच येणार नव्हता. म्हणून ‘राहू दे, असले तर काय बिघडते’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही.

डेव्हलपर टूल्सचा मुद्दा जरा आणखी मांडायला हवा, कारण रोजचा त्रास तिथेच होतो. रूपांतरित कोडची मूळ कोडशी सांगड घालून देणारी सोर्स मॅप नावाची एक फाइल असते आणि ती असली की ब्राउझर मूळ ओळी दाखवतो, हे खरे आहे. पण ही सांगड कायमच सैल असते. ब्रेकपॉइंट (चालता कोड थांबवून पाहण्याची खूण) एका ओळीवर ठेवावा तर तो दुसरीवर जाऊन बसतो. चल राशीवर माउस नेला की ती अस्तित्वातच नाही असे उत्तर मिळते, कारण रूपांतरात तिचे नाव बदललेले असते. अवेटच्या पुढच्या ओळीवर जाण्यासाठी कळ दाबावी, तर कोड ओळीओळीने चालवून दाखवणारा डिबगर असिंक फंक्शने चालवणाऱ्या मदतनीस कोडमध्ये घुसतो आणि नवशिक्याला तिथून बाहेर कसे यावे ते कळत नाही. चूक कुठून आली याचा माग दाखवणाऱ्या यादीत स्वतःच्या फंक्शनांऐवजी अंडरस्कोरने सुरू होणारी आणि डॉलरच्या चिन्हाने संपणारी नावे दिसतात. काम करणाऱ्याच्या टेबलावर तर चालू आवृत्तीचा क्रोम किंवा फायरफॉक्स असतो, आणि त्याला असिंक-अवेट २०१७ पासून जन्मजात समजते. जे त्याला समजतेच ते त्याच्यासाठी मोडून द्यायचे आणि मग मोडलेले पुन्हा जुळवून दाखवण्यासाठी दुसरी फाइल तयार करायची, याला आमच्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात.

सर्व्हरवर किंवा स्वतःच्या संगणकावर नोडमध्ये (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणाऱ्या कोडच्या बाबतीत तर बचावालाही जागा उरत नाही. ब्राउझर ग्राहकाचा असतो, तो कोणता असेल हे आपल्या हाती नसते. नोड मात्र आपणच बसवलेला असतो आणि त्याची आवृत्ती आपल्याला नेमकी ठाऊक असते. तरीही चाचण्या चालवणाऱ्या जेस्टसारख्या टूलमध्ये प्रत्येक फाइल आधी बाबेलमधून गाळून घेण्याची मूळ व्यवस्था असते. साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या प्रकल्पात ‘ट्रान्सफॉर्म’ ही सेटिंग रिकामी ठेवली की ती थांबते. मॉड्यूलची नवी पद्धत वापरली असेल तर नोडला एक जादा सूचना द्यावी लागते, एवढेच. बाबेल ठेवायचेच असेल, तर टार्गेट म्हणून चालू नोड सांगता येतो. टाइपस्क्रिप्टसाठीही आता वेगळा रस्ता आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नोडच्या २२.६ या आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात आणि जानेवारी २०२५ मध्ये २३.६ या आवृत्तीत कोणतीही सूचना न देता, टाइपस्क्रिप्टची फाइल थेट चालवण्याची सोय आली. टाइपची नोंद जिथे असेल तिथे नोड मोकळी जागा सोडतो आणि बाकीचा कोड जसाच्या तसा चालवतो. ओळींचे आणि अक्षरांचे क्रमांक हलत नाहीत, त्यामुळे सोर्स मॅपही लागत नाही. मला ही युक्ती फार आवडली. पाटीवरचा एक शब्द पुसून तिथली जागा तशीच ठेवावी, इतकी ती सरळ आहे.

यावरून एक भेद स्पष्ट करणे भाग आहे. रिॲक्ट या पाने बनवण्याच्या साधनात लिहिलेला जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारख्या खुणा लिहिण्याची पद्धत) कोणत्याही ब्राउझरला समजत नाही आणि टाइपस्क्रिप्टचे टाइपही समजत नाहीत. त्यांचे रूपांतर करावेच लागते आणि त्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो ब्राउझरला समजणारी भाषा त्याला न विचारता जुन्या बोलीत उतरवण्याला. व्हीट (Vite) हे अलीकडचे लोकप्रिय टूल काम चालू असताना हेच तारतम्य पाळते. टाइप आणि जेएसएक्स काढून टाकते आणि बाकीचे मॉड्यूल ब्राउझरला थेट देते. उलट बाबेलच्या सातव्या आवृत्तीत टार्गेट न सांगता नेहमीचा प्रीसेट (तयार नियमांचा संच) लावला, तर ते जुन्यात जुना ब्राउझर गृहीत धरून सगळे ईएस५ पर्यंत खाली नेते. काहीच न सांगण्याचा अर्थ ‘काहीच करू नका’ असा होईल अशी नवशिक्याची समजूत असते, आणि ती इथे नेमकी उलटी ठरते.

आता दुसरी बाजू. जुने फोन कोकणात आहेत आणि ते वापरणारी माणसे आपलीच आहेत. २०१७ मध्ये आलेला जिओफोन अजूनही काही वाड्यांवर चालतो. त्यातील काय-ओएस या प्रणालीचा ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीच्या इंजिनावर उभा आहे, आणि त्याला असिंक-अवेट कळत नाही, कारण फायरफॉक्समध्ये ते ५२ व्या आवृत्तीत आले. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या काही चाकरमान्यांकडे आयफोन ६ असतो. तो आयओएस १२ च्या पुढे जाऊ शकत नाही आणि त्याच्या सफारीला २०२० च्या भाषेतले प्रश्नचिन्ह-टिंब हे छोटेसे चिन्ह समजत नाही. अशा वेळी ब्राउझर तेवढीच ओळ सोडून देईल असे कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. तो अख्खी फाइल नाकारतो आणि पान कोरे राहते. म्हणून लोकांपर्यंत जाणाऱ्या पानात ‘सगळेच बंद’ असा हट्ट मी धरणार नाही. आमच्या आंब्याच्या पानासाठी आम्ही ईएस२०१७ हे टार्गेट निवडले, कारण ते आयफोन ६ ला चालते आणि ‘एरर’सारख्या मूळच्या गोष्टी त्यात मोडत नाहीत. ज्यांना अगदी जुन्या ब्राउझरांनाही सांभाळायचे आहे, त्यांनी दोन फाइली द्याव्यात. मॉड्यूल समजणारा ब्राउझर नवी फाइल उचलतो आणि न समजणारा ‘नोमॉड्यूल’ अशी खूण केलेली जुनी उचलतो. आजीसाठी मालवणीत वाचायचे म्हणून घरातल्या सगळ्यांनीच मालवणी प्रत वाचावी असे कुठे आहे?

अँड्रॉइडविषयी मात्र लोकांची भीती अवास्तव आहे. फोन पाच-सहा वर्षांचा असला म्हणजे त्याचा ब्राउझरही तेवढाच जुना, असे तिथे नसते, कारण क्रोम प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अद्ययावत होत राहतो. एके काळी आमच्याकडच्या कित्येक फोनांत यूसी ब्राउझर असायचा आणि त्याला सांभाळावे लागायचे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तोही गेला.

रूपांतर थांबवले की पान विजेच्या वेगाने उघडेल, असेही मी कुणाला सांगणार नाही. आमच्या त्या पानात जड होते ते मुख्यतः आंब्यांचे फोटो, आणि ते लहान केल्यावर जो फरक पडला तो टार्गेट बदलून पडला नव्हता. तरीही रूपांतराबरोबर येणारी मदतनीस फंक्शने आणि भाषेतील जुन्या उणिवा भरून काढणारे कोर-जेएससारखे साहित्य जिथे निष्कारण ओढून आणलेले असते, तिथे तेही डाउनलोड करून घ्यावे लागते, आणि डाउनलोड झाल्यावर फोनला ते वाचून समजूनही घ्यावे लागते. टॉवरची एक कांडी दिसत असताना बागेत उभ्या असलेल्या माणसाला तोही भार नको असतो.

शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा खर्च आणखी वेगळा आहे. एक साधे बटण दाबून दिवा लावणारे पान शिकायचे, तर आधी शेकडो पॅकेजे डाउनलोड करा, अशी आजच्या बहुतेक वर्गांची सुरुवात असते. मोबाइलच्या रोजच्या डेटावर अवलंबून असलेल्या मुलाचा तो दिवस तिथेच संपतो. कित्येक वर्गांत अजून क्रिएट रिॲक्ट ॲप हा तयार सांगाडा शिकवला जातो; खुद्द रिॲक्टच्या चमूने नव्या कामासाठी ते वापरू नये असे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आहे. गंमत म्हणजे त्या जुन्या सांगाड्यातही शहाणपण होते. त्याच्या ब्राउझरांच्या यादीत लोकांसाठीची यादी वेगळी आणि काम चालू असतानाची वेगळी होती, आणि दुसरीत क्रोम, फायरफॉक्स व सफारीची फक्त शेवटची एकेक आवृत्ती होती. मुलांना विचारले, तर ती फाइल उघडून पाहिलेला एकही जण नव्हता. ब्राउझरांची माहिती जुनी झाली आहे, ती अद्ययावत करा, अशी सूचना दर वेळी टर्मिनलवर येते आणि दर वेळी सगळे ती ओलांडून पुढे जातात, एसटीत ‘धूम्रपान करू नये’ या पाटीकडे बघावे तसे.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधील महाविद्यालयांच्या संगणक विभागांना आणि खासगी वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की पहिले दोन-तीन महिने मुलांना कोणत्याही रूपांतराशिवाय शिकवावे. एक एचटीएमएल फाइल, तिला जोडलेले एक मॉड्यूल आणि समोर ब्राउझर. जे लिहिले तेच डेव्हलपर टूल्समध्ये दिसू द्यावे. पुढे टूल लागेल तेव्हा त्याची सेटिंगची फाइल आधी उघडायला लावावी आणि टार्गेटची ओळ कोणासाठी आहे, हे प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगावे. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपण करिअरविषयक पाने काढता. त्यांत कोणती भाषा शिकावी यावर पुष्कळ मजकूर येतो, टूल कशी वापरावीत यावर क्वचितच येतो. त्यालाही थोडी जागा मिळावी.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. काम करताना एक कोड आणि लोकांकडे दुसरा, असे झाले तर एखादी चूक फक्त लोकांच्याच फोनवर दिसेल. ती शक्यता आहे. त्यावर उपाय एकच, की पान बाहेर सोडण्याआधी तयार झालेली फाइल एखाद्या खऱ्याखुऱ्या जुन्या फोनवर एकदा चालवून पाहावी. आमच्या गावात असा फोन शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शिवाय आमच्या त्या पानात काम करतानाही ईएस५ होते आणि लोकांकडेही ईएस५ होते. दोन्हीकडे सारखेच असूनही चूक महिनाभर सापडली नाही, हेही लक्षात घ्यावे.

त्या मुलाने या हंगामासाठी पेट्या भरण्याच्या शेडमध्ये उघडायची मागणीची यादी वेगळ्या पानावर केली आहे. तिथल्या गड्याकडे जिओफोन आहे, म्हणून त्या एका पानाचे टार्गेट ईएस२०१५ ठेवावे लागले. त्या ओळीच्या वर त्याने मराठीत टीप लिहिली आहे: ‘शेडमधल्या फोनसाठी. फोन बदलला की काढणे.’

आपला नम्र,
एक निवृत्त संगणक अभियंता
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग